वाफेवर तापणारे डबे: हेरिटेज रेल्वेवर नव्याने येणाऱ्यांसाठी

वाफेचं इंजिन पुढे असलं की मागचे डबे आपोआप गरम होत असतील, असा बऱ्याच जणांचा समज असतो. बॉयलर आहे, वाफ आहे, पाइप आहे, मग अडचण कसली? अडचण पाण्याची आहे. वाफ डब्यात जाऊन उष्णता देते आणि देताक्षणी तिचं पाणी होतं. ते पाणी पाइपातून बाहेर पडलं नाही तर मागून येणाऱ्या वाफेला वाट उरत नाही, आणि शेवटच्या दोन डब्यांतली मंडळी कोट-टोप्या चढवून कुडकुडत बसतात. वाफ आत सोडायला एक व्हॉल्व्ह फिरवला की झालं. पाणी बाहेर काढायला मात्र दिवसभर लक्ष द्यावं लागतं. पुढचं सगळं याच नजरेने वाचावं.

हे मार्गदर्शन ब्रिटनमधल्या हेरिटेज रेल्वे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: ब्लूबेल (१९६०), कीथली अँड वर्थ व्हॅली (१९६८), सेव्हर्न व्हॅली (१९७०), नॉर्थ यॉर्कशायर मूर्स (१९७३) आणि त्यांच्यासारख्या, हौशी लोकांनी पुन्हा चालू केलेल्या लाइनी. तिथे धावणारे बरेचसे डबे ब्रिटिश रेल्वेचे ‘मार्क वन’ जातीचे, म्हणजे १९५१ पासून बांधले गेलेले. नेरळ-माथेरानच्या गाडीत डबे तापवायची वेळ कधी येत नाही, त्यामुळे आपल्यातला रेल्वेवेडा माणूस तिकडे नोकरीनिमित्त गेला आणि शनिवार-रविवार स्वयंसेवक म्हणून उभा राहिला, की इंजिनाबद्दल त्याला पुष्कळ माहीत असतं, हीटिंगबद्दल मात्र काहीच नसतं. डिसेंबरात सांता स्पेशल, म्हणजे नाताळनिमित्त मुलांसाठी सोडलेल्या गाड्या, सुरू झाल्या की पहिलं काम नेमकं हेच अंगावर येतं. लहान मुलांनी भरलेली गाडी, बाहेर शून्याच्या आसपास तापमान, आणि त्या महिन्याच्या कमाईवर त्या लाइनीचा बराचसा हिशेब अवलंबून.

वाफच का, गरम पाणी का नाही?

एक किलो वाफेचं १०० अंशांवर पाणी होतं तेव्हा सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता सुटते. तेच एक किलो पाणी १०० वरून ६० अंशांपर्यंत थंड झालं तर जेमतेम १६७. म्हणजे बारीकशा पाइपातून, पंप न लावता, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरपूर उष्णता नेता येते. त्याची किंमत अशी, की साध्या हवेच्या दाबाला वाफेचं पाणी झालं की आकारमान दीड हजार पटींहून जास्त घटतं, आणि उरलेलं ते थोडंसं पाणी सगळ्यात सखल जागा शोधून तिथे ठाण मांडतं. डब्यांच्या मधली लोंबती नळी ही अशी पहिली जागा.

त्याआधी काय होतं? ब्रिटनमध्ये प्रवाशांच्या पायाशी गरम पाण्याचे चपटे डबे ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीने त्यात सोडियम ॲसिटेट भरून पाहिलं. आज ट्रेकला जाताना खिशात ठेवायच्या हात-शेकणीत जे असतं तेच. अमेरिकेत डब्यात चक्क कोळशाच्या शेगड्या असत. १८ डिसेंबर १८६७ ला न्यूयॉर्क राज्यात अँगोलाजवळ डबा पुलावरून कोसळला, शेगडीतले निखारे पसरले आणि अडकलेले लोक जळून मेले. ५ फेब्रुवारी १८८७ ला व्हर्माँटमध्ये व्हाइट नदीच्या पुलावर पुन्हा तेच. शेगड्यांवर बंदी घाला म्हणून ओरड झाली आणि इंजिनातली वाफ डब्यांत नेण्याच्या पद्धतीला जोर आला. तेव्हा ही सोय केवळ ऐषारामासाठी आली नाही, हे लक्षात असलेलं बरं.

आधी इंजिनापासून शेवटपर्यंत चालत जा

कशालाही हात लावण्याआधी एकदा गाडी थंड असताना, कोणीतरी जाणता सोबत घेऊन, पूर्ण मार्ग डोळ्यांनी बघा. सुरुवात कॅबमधून. बॉयलरच्या माथ्यावरून वाफ घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यापुढे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. ‘ब्लॅक फाइव्ह’सारख्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला २२५ पौंडांचा दाब असतो, तो तसाच डब्यांत सोडता येत नाही. हीटिंगच्या पाइपात तो साधारण ४० ते ६० पौंडांच्या आसपास ठेवतात. त्यासाठी कॅबमध्ये वेगळा गेज असतो, आणि दाब कमी करणारा व्हॉल्व्ह अडकलाच तर उडायला एक सेफ्टी व्हॉल्व्हही. ४० पौंडांना वाफेचं तापमान १४० अंशांच्या वर असतं. आकडा लहान वाटला तरी कातडीला तो लहान नाही.

तिथून पाइप इंजिनाच्या आणि टेंडरच्या (कोळसा-पाण्याच्या जोडगाडीच्या) खालून मागच्या बफर बीमपर्यंत, म्हणजे टोकाच्या आडव्या तुळईपर्यंत येतो. त्या टोकाला एक कॉक (वाट उघडबंद करणारी तोटी), त्याला जाड होजपाइप, पुढे डब्याचा होज, डब्याचा कॉक. मग डब्याच्या पोटाखालून जाणारा मुख्य पाइप आणि त्याला फुटलेल्या शाखा. या शाखा फरशीतून वर येऊन सीटखाली किंवा खिडकीच्या कडेने जाळीमागच्या हीटरमध्ये जातात. मग दुसऱ्या टोकाचा कॉक, होज, पुढचा डबा. असं शेवटपर्यंत.

व्हॅक्यूम ब्रेकचा होज आणि वाफेचा होज यांत गोंधळ करू नका. व्हॅक्यूमचा पाइप वरून वाकून येतो, वाफेचा खाली लोंबतो, आणि त्याच्या तोंडाची घडणच वेगळी असते. कॉकचं हँडल कुठल्या दिशेला म्हणजे उघडं, हे त्या त्या डब्यावर विचारून घ्या. निरनिराळ्या कंपन्यांचे जुने डबे एका गाडीत जोडलेले असले तर सगळ्यांची तऱ्हा एक नसते.

बघताना पाइपावरचं जुनं आवरण दिसलं, फाटलेलं, भुकटी पडणारं, तर त्याला बोटही लावू नका. त्या काळच्या डब्यांत ॲस्बेस्टॉस मुक्तपणे वापरलं जाई. कितीतरी मार्क वन डब्यांच्या भिंतींत तर निळ्या ॲस्बेस्टॉसचा फवारा मारलेला होता. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. बहुतेक हेरिटेज लाइनींनी डबे साफ करून घेतलेले असतात, पण ‘बहुतेक’ या शब्दावर फुफ्फुसं पणाला लावायची नसतात. दिसलं की सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

जोडणी

डब्यांच्या मध्ये शिरण्याची परवानगी नव्या माणसाला लगेच मिळत नाही, आणि मिळूही नये. प्रत्येक लाइनीचं आपलं नियमपुस्तक असतं, आपली परीक्षा असते. त्याआधी डबे जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या शंटरच्या मागे उभं राहून बघायचं. क्रम असा: गाडी पूर्ण थांबलेली, आपण मध्ये उतरतोय हे ड्रायव्हरला स्पष्ट कळलेलं आणि त्याने तसं उलट सांगितलेलं. मग मुख्य कपलिंग, मग ब्रेकचे होज, आणि त्यानंतर वाफेचा.

वाफेच्या होजची दोन तोंडं एकमेकांत अडकवण्याआधी दोन्हीकडची गॅस्केट बघा. चिरलेली, चपटी झालेली, एका बाजूला सरकलेली गॅस्केट आत्ताच बदला. वाफ सुरू झाल्यावर ती गळायला लागली, की पूर्ण लाइन बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा सगळं करावं लागतं आणि गाडीला उशीर. तोंडं अडकली की लॉकचा चाप बसलाय का ते हाताने हलवून बघा. नुसतं बघून समजत नाही. जोडलेला होज मध्ये खोलगट लोंबतो. काही जोडांच्या तळाशी छोटी झडप असते, दाब गेला की ती आपोआप उघडते आणि साठलेलं पाणी खाली सोडते. तिच्यात गंज किंवा काजळी बसली असेल तर ती काम करत नाही, आणि हे कळतं ते नेमकं कडाक्याच्या थंडीत.

शेवटच्या डब्याचा मागचा होज त्याच्या जागी नीट अडकवलेला, आणि त्या टोकाचा कॉक पूर्ण उघडा. हो, उघडा. नव्या माणसाला हे पटत नाही. वाफ बाहेर जाऊ द्यायची तर डबे तापतील कशाने? पुढे वाचा.

तापवणं

प्रवासी चढायच्या तासभर आधी तरी सुरुवात हवी, कडाका असेल तर त्याहून आधी. काही लाइनींवर यार्डात जागेवरचा बॉयलर असतो, त्यावर रात्री उभी असलेली गाडी पहाटे तापवून घेतात. नसेल तर इंजिन लवकर जोडावं लागतं, म्हणजे फायरमन आणखी लवकर उठतो. गाडी सुटल्यावर तापवू म्हणणं हा निव्वळ आळस आहे: थंड डब्यात ओले कोट घातलेली माणसं भरली की काचांवरून पाण्याचे ओघळ सुरू होतात आणि दिवसभर थांबत नाहीत. आधी तापलेला डबा कोरडाही असतो.

सगळे कॉक उघडे आहेत हे एका माणसाने चालत जाऊन बघितलं, की ड्रायव्हरला किंवा फायरमनला सांगायचं. त्याने व्हॉल्व्ह हळू उघडायचा. हळू म्हणजे खरंच हळू. थंड पाइपात शिरलेली पहिली वाफ बघता बघता पाणी होते. व्हॉल्व्ह धाडकन उघडला तर मागची वाफ ते पाणी एका गोळ्यासारखं पुढे फेकते आणि तो गोळा वळणावर किंवा कॉकवर आदळतो. त्याचा ठोका पायाखाली जाणवतो. गॅस्केट उडतात, कधी सांधा फुटतो. ‘ठण ठण’ ऐकू आलं तर वाफ कमी करा, पाणी जाऊ द्या, मग पुढे.

आता शेवटच्या कॉकपाशी, तोंडासमोर नाही तर बाजूला, उभं राहा. आधी काहीच नाही. मग गंजकट पाणी, मग पाणी आणि वाफ फसफसत एकत्र, आणि शेवटी सलग वाफ. ही सलग वाफ आली म्हणजे इथपर्यंतचा मार्ग मोकळा झाला. मग तो कॉक जवळजवळ बंद करायचा, पूर्ण नाही. वाफेची एक बारीक रेघ सतत चालू राहिली पाहिजे. तिच्याबरोबर पाणी निघत राहतं आणि वाफ शेवटपर्यंत ओढली जाते. ‘वाफ वाया जातेय’ म्हणून एखादा काटकसरी माणूस तो कॉक गच्च बंद करतो आणि वीस मिनिटांनी मागचा डबा गार पडतो. काही डब्यांवर आपोआप पाणी सोडणारे ट्रॅप असतात, तिथे त्या लाइनीची रीत वेगळी असू शकते. ती पाळा.

एक महत्त्वाची गोष्ट. गळती शोधताना पांढरा ढग दिसतो ती खरी वाफ नव्हे, ती थंड होऊन झालेले पाण्याचे थेंब. कुकरची शिट्टी होताना तोंडाशी जो मोकळा, काही न दिसणारा भाग असतो, वाफ तिथे असते. गळत्या सांध्यापाशीही तसंच, त्यामुळे ‘इथे तर काही दिसत नाही’ म्हणून हात पुढे करू नका. जाड चामडी हातमोजे, पूर्ण बाह्या. तरीही भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट तर नकोच.

धावत्या गाडीत

बहुतेक हेरिटेज लाइनींवर वेगमर्यादा ताशी २५ मैल. डब्यांतून उष्णता फार वेगाने उडत नाही ही जमेची बाजू. पण थांबे पुष्कळ, दारं सारखी उघडतात. गार्डने पहिल्या फेरीत शेवटच्या डब्यातल्या हीटरपाशी जाऊन खात्री करावी. तो गरम असेल तर पुढचे बहुधा गरम असतातच. मार्क वनच्या कंपार्टमेंटमध्ये हीटरचं नियंत्रण प्रवाशांच्या हाताशी असतं आणि आधीच्या प्रवाशाने ते बंद करून ठेवलेलं असू शकतं. ‘डबा थंड आहे’ अशा तक्रारींतल्या किती तरी इथेच मिटतात. सीटखालच्या जाळीवर पिशव्या कोंबू देऊ नका. सांता स्पेशलमध्ये तर चॉकलेटच्या पिशव्या हमखास तिथेच सरकवल्या जातात, त्याचा परिणाम सांगायला नको.

फायरमनच्या बाजूनेही थोडा विचार करा. मार्क वन डब्याला इलेक्ट्रिक हीटिंगच्या हिशेबात साधारण १५ किलोवॉट धरले, तर तेवढी उष्णता द्यायला ताशी सुमारे २४ किलो वाफ लागते. सात डब्यांना १७० च्या घरात, आणि गळती, शेवटचा उघडा कॉक, उघड्यावरचे पाइप धरले तर आणखी बरीच. हे पाणी बॉयलरमध्ये परत येत नाही. म्हणजे कोळसाही जास्त आणि टेंडरमधलं पाणीही लवकर संपतं. चढावर इंजिनाला श्वास पुरत नसेल तर फायरमन काही मिनिटं हीटिंग कमी करतो. त्याला ते करू द्या, माथ्यावर पोचल्यावर पुन्हा उघडायची आठवण मात्र ठेवा.

डिझेल इंजिन पुढे असेल तर गणित बदलतं. जुन्या प्रवासी डिझेल इंजिनांत खास हीटिंगसाठी छोटा बॉयलर बसवलेला असे आणि तो चालवणं हा वेगळाच वैताग होता. आयर्लंडच्या सीआयई कंपनीने तर बॉयलरची वेगळी व्हॅनच गाडीला जोडली. ब्रिटिश रेल्वे पुढे इलेक्ट्रिक हीटिंगकडे वळली, आणि मार्क वनपैकी अनेकांत वाफ आणि वीज दोन्हींची सोय आहे. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, अंदाज करू नका.

मागचा डबा गार आहे, आता?

दोष शोधायचा तर इंजिनाकडून मागे चालत या. प्रत्येक जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे, सांध्यापासून लांब, हाताची मागची बाजू पाइपाजवळ न्या, टेकवू नका. गरम कुठपर्यंत आहे आणि गार कुठून सुरू होतं ती सीमा सापडली की दोष त्या जोडात किंवा त्याच्या लगेच पुढे असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण चकचकीत धातूवर तो तापमान कमी दाखवतो. रंगवलेल्या भागावर किंवा काळ्या टेपच्या तुकड्यावर रोखा.

सर्वांत आधी अर्धवट उघडा कॉक शोधा. हे इतकं साधं आहे की लोक शेवटी बघतात. मग पिळवटलेला होज. मग सखल भागात साचलेलं पाणी. वाफ थोडी वाढवून शेवटचा कॉक काही वेळ पूर्ण उघडला तर ते निघून जातं.

एवढं करूनही वाट मोकळी होत नसेल तर होजच्या पोटात बघा. वाफेच्या उष्णतेने रबराचं आतलं अस्तर सुटतं आणि पडद्यासारखं मध्ये येतं. बाहेरून होज ठणठणीत. कधीकधी तो एका दिशेने वाफ जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो, त्यामुळे इंजिन एका टोकाला असताना सगळं ठीक आणि दुसऱ्या टोकाला लावल्यावर अर्धी गाडी गार. असं ऐकलंत की होजवर संशय घ्या.

दिवस संपताना

सोडवताना क्रम उलटा, आणि वाफ सगळ्यात आधी. इंजिनावरचा व्हॉल्व्ह बंद, मधले सगळे कॉक उघडेच, शेवटचा कॉक पूर्ण उघडा. गेज शून्यावर आला आणि मागच्या टोकाला फुसफुस थांबली, तरी थोडं थांबा. मगच होज सोडवायचे. दाब असलेला होज सोडवणं हा या कामातला सगळ्यात वाईट अपघात आहे. जोड सुटताक्षणी वाफ आणि उकळतं पाणी थेट अंगावर येतं, आणि डब्यांच्या मध्ये पळायला जागा नसते.

गाडी रात्रभर उभी राहणार असेल तर नुसता दाब उतरवून भागत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि ओतीव लोखंडाच्या तुकड्याला ते सोसत नाही. म्हणून सगळे कॉक उघडे, होज सुटे आणि तोंड खाली, ट्रॅप आणि निचऱ्याच्या झडपा मोकळ्या. शौचालयाच्या टाकीचं पाणी ही वेगळी व्यवस्था आहे, ती वेगळी रिकामी करावी लागते. पाइप रात्री फुटतो, पण कळतो सकाळी, वाफ सोडल्यावर, प्रवासी फलाटावर असताना.

अमेरिकेतल्या एखाद्या संग्रहालयाच्या लाइनीवर गेलात तर तत्त्व हेच, अंगण वेगळं. तिथे लांबलचक गाड्यांमुळे मुख्य पाइपातला दाब ब्रिटनपेक्षा बराच चढा ठेवत, आणि प्रत्येक डब्यात रेग्युलेटर तो हवेच्या दाबाच्या आसपास उतरवून मगच हीटरमध्ये सोडत असे. १९७१ मध्ये ॲमट्रॅक ही तिथली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनी सुरू झाली ती अशाच डब्यांचा वारसा घेऊन. १९७५ पासून आलेल्या ॲमफ्लीट डब्यांत मात्र विजेवरची हीटिंग होती. ब्रिटनमधल्या सवयीने तिथला कॉक फिरवायला जाऊ नका.

नोंदवहीचंही थोडं. ब्रिटनमध्ये दाबाच्या उपकरणांना २००० सालचे प्रेशर सिस्टिम्स सेफ्टी रेग्युलेशन्स लागू आहेत आणि त्यांची तपासणी लेखी योजनेप्रमाणे होते. तुमच्या वाट्याला त्यातलं एवढंच येतं: गळती दिसली, होज बदलला, झडप अडकली, की डब्याचा नंबर आणि टोक लिहून त्याच दिवशी नोंद करायची. ‘मागचा एक डबा थोडा गार होता’ या नोंदीचा कोणाला काही उपयोग नाही.

हंगाम संपला की होज उतरवून धुऊन, सावलीत, घडी न घालता टांगावेत. गॅस्केट काढून वेगळ्या. बाद ठरवलेला होज नुसता कोपऱ्यात टाकू नका, करवतीने मधोमध कापा. नाहीतर पुढच्या डिसेंबरात, गाडी सुटायला दहा मिनिटं असताना, कोणीतरी तोच उचलून लावतो.